एकट्याचा शाळू

१३ जानेवारी २०२६, भोगी. सांगली.

भोगीच्या भाजीत आपल्या शेतातलं काय काय पडलंय, हे जेवताना आईला विचारलं. वांगी, ओला हरभरा आणि कोथिंबीर. पावटा, घेवडा, गाजर, बोरं हा सगळा वाटा काल कुपवाडच्या कारखान्यातून सुटल्यावर मंडईतून आणलेला. बाजरी दुकानातली, जत भागातली म्हणे. तीळ कुठले, ते दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. वाळवा तालुक्यात नदीकाठाला जमीन असलेल्या घराची ही भोगी! आई म्हणाली, "आमच्या वेळी बांधावरनं एक चक्कर मारली की भाजी व्हायची." आता बांधच उरला नाही. दोन्हीकडून ऊस येऊन भिडलाय.

खाण्यापुरतं धान्य घरचं असावं, हा माझा हट्ट भावकीत चेष्टेचा विषय आहे. नोकरी सोडून शेतावर जाऊन राहायची माझी इच्छा नाही. पगारावर घराचा हप्ता चालतो, मुलीची फी चालते, आणि खरं सांगायचं तर मला माझं मशीन आवडतं. माझं मागणं लहान आहे: वर्षाचा शाळू म्हणजे रब्बी ज्वारी, थोडी तूर, थोडा हुलगा, एवढ्यासाठी तरी बाजाराच्या तोंडाकडे बघायला लागू नये. म्हणून आप्पांच्या मागं लागून दहा गुंठे उसातून सोडवून घेतले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला शाळूची मालदांडी जात पेरली.

आप्पांनी हिशोब तोंडावर मांडला होता. एकरी पन्नास टन धरले तर दहा गुंठ्यांत साडेबारा टन ऊस. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा सरकारी किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे तोडणी-वाहतूक वजा जाता तीसेक हजार तरी येणार. शाळू फार तर दोन क्विंटल. मालदांडीचा २०२५-२६ चा हमीभाव ३,७४९ रुपये, म्हणजे साडेसात हजार आणि वर कडबा. आडसाली ऊस दीड वर्ष रान अडवून बसतो, हे मी म्हणालो. त्यावर आप्पा म्हणाले, "बसू दे की. राखायला तरी लागत नाही."

ते बोलणं तेव्हा कानाआड गेलं. आता कळतंय की सगळं त्यातच होतं.

शाळू चिकात आला, दाण्यात दूध भरलं, आणि पाखरं उतरली. चिमण्या, मुनिया, राघू. आसपास दीड-दोन किलोमीटर नुसता ऊस, दाण्याचं रान एकटं माझं. सगळं शिवार शाळवाचं असायचं तेव्हा पाखरं तेवढीच असतील, पण त्यांचं खाणं शंभर वावरांत वाटलं जायचं. प्रत्येकाची चार कणसं जायची, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. आता सगळा थवा माझ्या दहा गुंठ्यांवर. द्राक्षवाल्या पाहुण्यांकडून पक्ष्यांची जाळी मागून आणली, ती निम्म्याला पुरली. उरलेल्या बाजूला आईच्या जुन्या साड्या बांधल्या. शिफ्टच्या दिवशी राखण आईकडं असते. ती माळ्यावर चढत नाही, रानाच्या कडेला बसून पत्र्याचा डबा वाजवते. गोफण तिला अजून येते. मला येत नाही.

पावट्याचं वेगळंच झालं. कडेनं वेल लावले होते. शेजारच्यानं उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं, त्या दिवशी वारं आमच्याकडं होतं. ते औषध रुंद पानाच्या झाडांवरच चालतं. ऊस गवताच्या जातीतला, त्याला काही होत नाही. पावट्याची पानं मात्र वळून चुरगाळली, फुलं गळाली. त्यात कुणी मुद्दाम काही केलं नाही. तो त्याचं पीक सांभाळत होता. म्हणून तर भांडता आलं नाही.

बियाणाची तेवढी काळजी नाही. कणसं निवडून ठेवीन. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा, इतकंच काय, ब्रँड न लावता विकायचाही हक्क आहे. फक्त ते घ्यायला दुसरा शाळूवाला पाहिजे ना गावात!

जेवणं झाल्यावर हेच आप्पांशी बोलत होतो. त्यांनी बहात्तरचा दुष्काळ काढला. तेव्हा अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाऊन लोक खडी फोडत होते, ती भाकरी कशी घशाखाली उतरायची नाही, सगळं. मी म्हणालो, "म्हणूनच घरचं धान्य पाहिजे." आप्पा म्हणाले, "तवा सगळ्यांनी शाळूच पेरला हुता की. पाऊस नाही तर शाळू काय करतोय?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. उसाला आलेल्या ज्या बागायती पाण्यानं शाळू घालवला, त्याच पाण्यानं आप्पांच्या पिढीची उपासमार संपवली. आणि त्याच पाण्यानं खालच्या अंगाची रानं क्षारपड केली. वर पांढरं मीठ फुटलेल्या त्या पट्ट्यात आता ऊसही धड येत नाही. दोन्ही खरं आहे.

संध्याकाळी रानात तात्या भेटले. त्यांचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, फेब्रुवारीत तुटेल, मग सोयाबीन, मग पुढच्या आडसालीपर्यंत रान मोकळं. साड्या बघून म्हणाले, "चिमण्यांसाठी पेरलाईस व्हय रं शाळू?"

मी सरळ विचारलं. ऑक्टोबरात तुम्ही वीस गुंठे पेरा, तुमच्या थोरल्या पोरालाही वीस पेरायला लावा, एकाच आठवड्यात. पाखरं तिघांत वाटली जातील.

तात्या बराच वेळ तंबाखू मळत राहिले. "उपटायला बाई मिळत न्हाई, ठावं हाय का तुला?"

"मी रजा काढतो."

"काढशील. आणि बी?"

"माझं."

"राखण?"

"आळीपाळीनं."

"माझी पाळी न्हाई," तात्या म्हणाले. "कडबा सगळा माझ्या म्हशीला. तुझ्या रानातला बी. तसं असंल तर पोराला विचारतो."

दहा गुंठ्यांचा कडबा आप्पांनी आधीच आमच्या गाईसाठी मोजून ठेवलाय. आता त्यांची समजूत काढायची आहे.