चेक इंजिनचा दिवा जात नसेल तर आधी कोड पुसू नका

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड (गाडीने नोंदवलेला दोषाचा क्रमांक) पुसला, दिवा गेला आणि चार दिवसांनी परत आला. कितीतरी गाड्या याच फेऱ्यात अडकतात, कारण हा दिवा लागतो कसा आणि विझतो कसा, हे मालकाला कुणी सांगतच नाही.

बहुतेक दोषांच्या बाबतीत ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) पहिल्या गडबडीला दिवा लावत नाही. तो नोंद करून ठेवतो, तिला 'पेंडिंग कोड' म्हणतात. पुढच्या ड्राइव्ह सायकलला (इंजिन सुरू करून, गाडी चालवून बंद करण्याची एक फेरी) तीच गडबड पुन्हा सापडली की दिवा लागतो. त्यानंतर सलग तीन सायकलींत ईसीयूची चाचणी पास झाली तर दिवा आपोआप विझतो, पण कोड साधारण ४० वॉर्म-अप सायकलींपर्यंत (थंड इंजिन चालून गरम होण्याची एक फेरी) मेमरीत राहतो. म्हणजे कोड पुसून विझवलेला दिवा काहीच सिद्ध करत नाही. उलट त्याबरोबर सगळ्यात मोलाची गोष्ट जाते, ती म्हणजे फ्रीझ फ्रेम, दोषाच्या क्षणीची नोंद.

हे सगळं स्थिर पिवळ्या दिव्याबद्दल. तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग करतंय (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही) आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. वेग लगेच कमी करा, जमेल तितक्या लवकर गाडी बाजूला घ्या. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंदच करायचं.

फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणीचे आकडे: आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान, लोड, फ्युएल ट्रिम (मिश्रण बरोबर ठेवायला ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो). स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या ओबीडी (गाडीच्या तपासणीच्या) सॉकेटला साधा ब्लूटूथ ॲडॉप्टर लावला की हे मोबाइलवर दिसतं. आधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या.

समजा कोड पी०१७१ आहे, म्हणजे मिश्रणात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. बऱ्याच ठिकाणी इथे थेट ऑक्सिजन सेन्सर बदलतात, आणि तो बिचारा बहुधा खरंच बोलत असतो. फ्रीझ फ्रेममध्ये वेग ०, आरपीएम ७५० आणि लाँग टर्म (दीर्घकाळचं) ट्रिम +२२ टक्के दिसलं, तर दोष आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन सुरू असताना आहे. आता इंजिन गरम करून आयडलिंगला ट्रिम बघा, मग २५०० आरपीएमला धरून बघा. वर नेल्यावर ट्रिम शून्याकडे आलं तर हवा कुठूनतरी चोरून आत येतेय. एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा रबरी पाइप काढून त्याच्या घड्या बोटांनी ताणून बघा. चीर घडीच्या तळाशी असते, वरून दिसत नाही. मग पीसीव्हीचा पाइप (इंजिनच्या पोटातली वाफ परत आत नेणारा), ब्रेक बूस्टरचा पाइप, मॅनिफोल्डचं गॅस्केट. आरपीएम वाढवल्यावर ट्रिम आणखी वाढलं तर मात्र पेट्रोलचा दाब, तुंबलेला फिल्टर किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) तपासा.

ही विभागणी एअर फ्लो सेन्सरवाल्या गाड्यांना नीट लागू पडते. अनेक छोट्या गाड्यांत त्याऐवजी मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असतो. तिथे हवेची गळती झाली तर आयडलिंग चढतं, ट्रिम फारसं हलत नाही. अशा गाडीत हाच कोड आला तर पेट्रोलचा दाब, इंजेक्टर, आणि ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला असलेली फट आधी बघावी. त्या फटीतून बाहेरची हवा ओढली जाते आणि सेन्सर फसतो.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत आणखी एक भानगड असते. गॅसचं मॅपिंग (गॅस किती सोडायचा याचं सेटिंग) बिघडलं की ईसीयू ते ट्रिमने सावरत राहतो आणि तेच ट्रिम पेट्रोलवरही लागू होतं. ओळखायची रीत सोपी: नुसत्या पेट्रोलवर काही दिवस गाडी चालवा. ट्रिम जागेवर आलं तर सेन्सर बदलू नका, किट बसवणाऱ्याकडून मॅपिंग करून घ्या.

एकदम चार-पाच कोड आले, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध लागत नसला, तर आधी बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या वर आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवेत. बॉडीकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरीचा नट सोडवून गंज घासून काढा. पावसाळ्यात सेन्सरचे कपलर (वायरींचे जोड) उघडून पिनांवर हिरवट थर आहे का बघा, आणि उंदरांनी वायरिंग कुरतडलंय का तेही. कपलर काढताना वायर ओढू नका, लॉक दाबून काढा.

कोड पुसायचा तो काम झाल्यावरच. पुसल्यावर रेडिनेस मॉनिटर (ईसीयूच्या चाचण्या पूर्ण झाल्या का याच्या नोंदी) शून्यावर जातात, ते पूर्ण होईपर्यंत शहरातलं आणि हायवेचं मिळून दोन-तीन दिवसांचं ड्रायव्हिंग लागू शकतं. ते पूर्ण झाले, पेंडिंगमध्ये काही नाही आणि ट्रिम पाच टक्क्यांच्या आत आहे, एवढं बघून मगच गॅरेजचं काम झालं असं धरा.