दहा मिनिटांची सुवारी : घुमट महोत्सवाच्या मंचावर नेताना

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या सांस्कृतिक महोत्सवातील लोकवाद्यवृंद या प्रकारासाठी घुमट या मातीच्या तालवाद्याचे पथक उभे करण्याची जबाबदारी मी आपण होऊन मागून घेतली आणि अर्जाच्या पहिल्याच रकान्यात अडखळले. तेथे सादरीकरणाचे नाव आणि कालावधी लिहायचा होता. नावापुढे मी ‘घुमट आरती’ असे लिहून मोकळी झाले. कालावधीपुढे मात्र नियमपत्रिकेप्रमाणे दहा मिनिटे लिहावी लागली आणि त्यातही मंचावर येऊन बसण्याचा वेळ धरलेला होता. गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत एका घरची आरती पाऊण तासाच्या आत संपलेली मी कधी पाहिलेली नाही. ती संथ सुरू होते, कडव्यामागून कडवे चढत जाते, आणि दारात उभा असलेला पाहुणासुद्धा तोवर टाळ हातात घेऊन आत आलेला असतो.

कोणती कडवी गाळावीत, हे विचारायला मी थोरल्या काकांकडे गेले. त्यांचे सारे आयुष्य देवळातल्या आरतीत घुमट वाजवण्यात गेलेले आहे. कागद त्यांनी हातात घेतलाच नाही. “आरती मधेच तोडत नाहीत, बाये. वेळ नसेल तर आरती धरू नये,” एवढेच ते म्हणाले आणि मग, माझा चेहरा पाहून असेल, “सुवारी घाला,” असे सुचवले. सुवारी हा घुमटवादनाचाच एक प्रकार. तिच्यात भर वादनावर असतो, लय टप्प्याटप्प्याने वाढवता येते आणि देवासमोर आरंभिलेले काही अर्धवट सोडल्याचा दोषही लागत नाही. अर्जातील नाव मी दुसऱ्या दिवशी बदलून घेतले. आम्ही मराठी विभागातील मुले लोककलेच्या ‘मंचीय रूपांतरा’वर निबंध लिहितो, काय मंचावर न्यायचे नाही, हे ठरवणाऱ्या माणसाला त्या निबंधांत सहसा जागा नसते.

वाद्यांचा प्रश्न त्याहून किचकट निघाला. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे असलेले मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवतात आणि लहान तोंड डाव्या तळहाताने उघडझाप करून घुमारा कमीजास्त करतात. हे कातडे पूर्वी घोरपडीचे असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालेले असल्यामुळे आता बकरीचे कातडे वापरतात, आणि 2019 मध्ये गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले ते या बदललेल्या रूपातच. आवाज तोच राहिला का, यावर जुन्या वादकांमध्ये अजून वाद चालतो. काकांच्या मते पूर्वीचा ‘टणत्कार’ गेला. आम्ही अर्जासोबत सर्व घुमटांवर बकरीचेच कातडे आहे असे सहीनिशी लिहून दिले. कोणी ते मागितले नव्हते, पण ऐनवेळी कोणी विचारलेच तर अडचण नको होती.

पथकात दहा जण होतो : सहा घुमटे, दोन काड्यांनी वाजणारे शामेळ हे चर्मवाद्य, कासाळे म्हणजे मोठे टाळ, आणि दोघे गाणारे. दहापैकी चार मुली होत्या. परंपरेने घुमट पुरुष वाजवत आले असले तरी अलीकडे गोव्यात महिलांची आरती पथके बरीच उभी राहिली आहेत, त्यामुळे याचे फारसे अप्रूप कोणाला वाटले नाही. अप्रूप वाटले ते आमच्या तळहातांना आलेल्या फोडांचे.

सरावाला जागा मिळवताना ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम मी प्रथमच मुळापासून वाचले. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर केवळ ध्वनिक्षेपक नव्हे, तर वाद्येही वाजवता येत नाहीत. बंदिस्त सभागृहाला यातून सूट आहे. आमचे वर्ग, ग्रंथालय आणि प्रत्येकाचे घरी परतायचे शेवटचे वाहन सांभाळून जो वेळ उरे, तो संध्याकाळी साडेसहा ते आठ एवढाच. तो आम्ही इमारतीमागच्या वाहनतळावर काढला.

महोत्सवाला बारा दिवस असताना बसमधून आणताना एक घुमट फुटले. चूक माझीच होती. मी ते पिशवीत न गुंडाळता ठेवले होते. डिचोलीच्या एका कुंभाराकडे भाजलेले एक भांडे शिल्लक मिळाले, पण कातडे भिजवून, ताणून, बांधून ते वाळेपर्यंत ऑक्टोबरच्या दमट हवेत पाच दिवस गेले, आणि तरीही नवे घुमट इतरांच्या मानाने बसकेच वाजत राहिले. उन्हात ठेवले की ते अर्धा तास चांगले बोले, मग पुन्हा सैल पडे.

ध्वनिचाचणीत दुसरी गोष्ट कळली. तंत्रज्ञाने नेहमीच्या सवयीने ध्वनिग्राहक कातड्यासमोर लावले, तेव्हा सभागृहात नुसती टकटक ऐकू आली. घुमारा मागच्या लहान तोंडातून बाहेर पडतो, हे त्याला समजावण्यात बराच वेळ गेला. शेवटी आमच्यातील एकाने घुमटाच्या लहान तोंडाशी हात नेऊन उघडझाप करून दाखवली आणि त्याने लगेच दोन ध्वनिग्राहक मागे वळवले. चाचणीसाठी मिळालेल्या पंधरा मिनिटांतील अकरा मिनिटे यात संपली, पण ती मी वाया गेलेली मानत नाही.

सादरीकरण नऊ मिनिटे चाळीस सेकंदांत झाले. आम्हाला क्रमांक मिळाला नाही. परीक्षकांनी लिहून दिले की लय फार लवकर चढली, आणि ते खरे होते. वेळेच्या धास्तीने शामेळवाल्याने तिसऱ्या मिनिटालाच दुगुण, म्हणजे दुप्पट लय, धरली आणि त्याच्यामागे धावण्यावाचून आम्हाला गत्यंतर नव्हते. काका मागच्या रांगेत बसले होते. बाहेर आल्यावर त्यांनी सुवारीबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त नवे घुमट मागून घेतले, बोटांनी वाजवून पाहिले आणि दोरी सोडून कातडे पुन्हा बांधायला तेथेच पायरीवर बसले.

पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी मी एक फाईल करून ठेवली आहे. तिच्यात ध्वनिग्राहक कोठे लावायचे त्याची आकृती आहे, शामेळवाल्याने मिनिटागणिक लय किती ठेवायची त्याचा तक्ता आहे, आणि पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिले आहे : दोन घुमटे जास्तीची, चवथीआधी सांगून ठेवावीत.