पळताना की थांबल्यावर?

पोलीस भरती जवळ आली की आम्हा तालुक्याच्या गावातील फिजिशियनांकडे फिटनेस सर्टिफिकेट मागणाऱ्या मुलांची रांग लागते. नाडी, रक्तदाब, छातीवर क्षणभर स्टेथोस्कोप आणि सही-शिक्का, असा तो पाच मिनिटांचा व्यवहार असतो. बावीस वर्षांचा हा कबड्डीपटू मात्र १६०० मीटरच्या सरावात पडला म्हणून आला होता, आणि सोबतच्या प्रशिक्षकांनी “उपाशीपोटी पळाला साहेब, एक सलाइन लावा” असे निदानही करून आणले होते. खेळाडूची प्रत्येक तक्रार ऊन, अ‍ॅसिडिटी किंवा आळस यांपैकी एका खात्यावर टाकून मोकळे होण्याची आपल्या मैदानांवर रीतच आहे.

मी विचारले, “पळताना पडलास की थांबल्यावर?” धाव संपवून एकदम थांबले की रक्त पायांत साठते आणि घेरी येते; ती बहुधा निरुपद्रवी असते. ऐन वेगात आलेली बेशुद्धी मात्र, दुसरे काही सिद्ध होईपर्यंत, हृदयाचीच मानावी लागते. हा तिसऱ्या फेरीत, पळता पळता कोसळला होता.

ईसीजीत नाडी ४८ आणि लहरी उंच होत्या. कसलेल्या खेळाडूत हे दोन्ही चालते, पण व्ही-४ ते व्ही-६ या छातीच्या डावीकडच्या जोडण्यांत ठोक्यानंतरची टी लहर उलटी होती, आणि तिला सरावाची सबब चालत नाही. निजवून ऐकताना मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला फुसफुसता आवाज, अस्पष्ट होता. त्याला उकिडवे बसवले तेव्हा तो जवळजवळ विरला आणि उभे करताच ठळक झाला, कारण उभे राहिल्यावर हृदयात परतणारे रक्त घटते, डावा कप्पा लहान होतो आणि दोन कप्प्यांमधल्या जाड झालेल्या पडद्यालगतची रक्ताची वाट आणखी अरुंद होते. यंत्राविना मिळणाऱ्या या खुणेचे मला अजूनही अप्रूप आहे. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पडदा २१ मिलिमीटर जाड भरला. व्यायामाने कमावलेले हृदय १५ च्या पुढे क्वचितच जाते. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी: हृदयाचा स्नायू जाड होण्याचा, बहुधा घराण्यातून येणारा आजार. घरात कोणी अचानक गेले होते का, असे विचारल्यावर आईने सांगितले की धाकटे दीर बत्तिसाव्या वर्षी शेतात गेले; साप चावला असेल असे सर्वांनी धरले, दंशाची खूण कोणी पाहिली नव्हती.

खेळ थांबवला, हृदयाचा वेग आणि जोर कमी करणारे बीटा-ब्लॉकर सुरू केले आणि ठोका घातकपणे बिघडल्यास आतून झटका देणारा डिफिब्रिलेटर बसवायचा का, हे ठरवण्यासाठी त्याला पुण्याला पाठवले. प्रशिक्षक माझ्यावर नाराज आहेत, ते असोत. निघताना त्याने जुनी फाइल पुढे केली, तेव्हा गेल्या वर्षीच्या सर्टिफिकेटवर सही माझीच दिसली. त्या दिवशी मी त्याला निजवून ऐकले होते. उभे केले नव्हते, आणि काकांबद्दल विचारलेही नव्हते.

त्याच्या धाकट्या बहिणीचा ईसीजी काल नॉर्मल आला. इको मंगळवारी आहे.