कांदेबागेतला शोध

चोपडा तालुक्यातून फोन आला तेव्हा दिवस कलला होता. विस्मरणाचा आजार असलेले एक आबा सकाळी घरातून निघाले ते परतलेच नव्हते. मे महिना. आमच्या खान्देशात या दिवसांत दुपारची जमीन माणसाच्या अंगापेक्षा जास्त तापते, मग थर्मल कॅमेऱ्यात माणूस उठून दिसत नाही. अंधार पडला, परवानगी हातात आली आणि आम्ही पाच ड्रोन सोडले.

या ड्रोनना कुणी एकेकटं हाकत नाही. शिवाराचे चौकोन पाडलेले असतात आणि एकेका चौकोनासाठी ते आपसात बोली लावतात, यार्डातल्या लिलावासारखी. अंतर किती, बॅटरी किती उरली, यावर ज्याला कमी खर्चात जमेल त्याला तो चौकोन. एखादा बॅटरी बदलायला उतरला की त्याचं काम बाकीचे वाटून घेतात.

खरी मेख केळीत. पान आड आलं की थर्मल कॅमेऱ्याला पलीकडचं दिसतच नाही. म्हणून वरून एक फेरी झाली एवढ्यावर बागेचा चौकोन मी निकालात काढू देत नाही. कपाशीसाठी नांगरून ठेवलेलं रान एका फेरीत संपतं. जून-जुलैत लावलेल्या केळीला आमच्याकडे मृगबाग म्हणतात; तिची कापणी झाली असेल तर तिथेही जमीन दिसते. कांदेबाग, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली केळी, मात्र गच्च मिटलेली, तिथे फेरीनंतरही माणूस आत असण्याची शक्यता जेमतेम घटते. मोकळ्या रानात काही मिळेना, तसतशी आबा कांदेबागेत असण्याची शक्यता नकाशावर वाढत गेली आणि एकेक ड्रोन तिकडे वळू लागला. पहिला आडवा गेला होता, म्हणून दुसऱ्याने तिरकी वाट धरली, तिसऱ्याने ओळींच्या रेषेतली.

त्या तिसऱ्याला फटीतून एक पांढुरका, म्हणजे उबदार पट्टा दिसला. ठिबकच्या नळीलगत, आडवा. कुणी म्हणालं, कुत्रं असेल. पण लांबी कुत्र्याची नव्हती. ड्रोन तिथेच वर थांबवला, त्याचा दिवा लावला. आबांचा मुलगा टॉर्च घेऊन ओळीत शिरला. पानांची सळसळ, मग फोनवर त्याचा ओरडा: “आबा पानी मांगी राह्यनात!”

माझे हात तेव्हा थरथरायला लागले. आबांना त्याच रात्री सलाईन लागलं, दोन दिवसांनी ते घरी आले.

कोणती मृगबाग, कोणती कांदेबाग, हे गावातल्या पोरांनी भराभर सांगितलं म्हणून नकाशात भरता आलं. अडचणीच्या वेळी विचारत बसण्यापेक्षा ते आधीच तयार हवं. चोपडा, यावल आणि रावेरच्या शिवारांसाठी ती नोंद आम्ही सुरू केली आहे. दर हंगामात ती नव्याने करावी लागणार.