आईचं विडी कामगाराचं कार्ड आणि बहिणीची शिष्यवृत्ती

विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार मंत्रालयाकडून शिष्यवृत्ती मिळते, हे सिन्नरमध्ये विडी वळणाऱ्या प्रत्येक घराने कधी ना कधी ऐकलेलं असतं. प्रत्यक्ष खात्यात पैसे पडलेली घरं मात्र आमच्या गल्लीत मोजकी. मागच्या शैक्षणिक वर्षात धाकट्या बहिणीसाठी मी हा सगळा प्रवास केला. ती नाशिकला माझ्याकडे सिडकोत राहून बी.एस्सी. करते, आई सिन्नरला. कागद सिन्नरला, कॉलेज नाशिकला आणि मंजुरी नागपूरला, अशी विभागणी असल्यामुळे कुठे काय अडतं ते नीट कळलं. कुणाच्या तरी उपयोगाला येईल म्हणून लिहिते आहे.

आधी रक्कम सांगते, कारण सगळे तेच विचारतात. पहिली ते चौथीला वर्षाला १,००० रुपये, पाचवी ते आठवीला १,५००, नववी-दहावीला २,०००, अकरावी-बारावीला ३,०००. आयटीआय, पॉलिटेक्निक आणि साध्या पदवीला ६,०००, तर इंजिनिअरिंग, मेडिकल, एमबीए अशा अभ्यासक्रमांना २५,०००. बहिणीचे ६,००० होते. नोकरदाराला ही रक्कम किरकोळ वाटेल. आमच्या घरात तिची किंमत किती हजार विड्या वळाव्या लागतील यावरून ठरते.

आई लग्न होऊन सिन्नरला आली तेव्हापासून विड्या वळते. टेंभुर्णीची पानं भिजवून ठेवायची, पत्र्याच्या मापाने कातरायची, मांडीवर सूप घ्यायचं, पानात तंबाखू भरून वळायचं, दोऱ्याने बांधायचं, टोकं मुडपायची. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार. मजुरी हजारावर. कारखान्यात नेऊन दिल्यावर छाट काढतात, म्हणजे खराब म्हणून काही विड्या बाजूला टाकतात, ती बिनमजुरीची. सुपासमोर सहा-सात तास वाकून बसल्यावर आईची कंबर आणि मान कामातून जाते, आणि तंबाखूच्या धुळीने तिला बारा महिने खोकला असतो. वळणाऱ्याच्या हाताच्या कातडीतूनही निकोटिन शरीरात जातं. विडी न ओढताही ती तंबाखूच्याच तावडीत आहे. वडील ओढायचे. शेवटची वर्षं त्यांना जिना चढवत नव्हता.

हे सांगायचं कारण, पुढे कराबद्दल मी जे लिहिणार आहे ते या घरातून आलेलं आहे.

आता कार्ड. सगळ्याचा पाया म्हणजे विडी कामगाराचं ओळखपत्र. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने एक फार मोठी गोष्ट केली होती. कारखान्याकडून पान-तंबाखू घेऊन घरी बसून वळणाऱ्या बाईलाही त्याने कामगार मानलं. (हा कायदा आता नव्या कामगार संहितांमध्ये विलीन झाला आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून.) १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधीचा कायदा आला आणि दवाखाने, घरकुल, शिष्यवृत्ती या योजना त्यातून सुरू झाल्या. हे कार्ड त्या योजनांचं दार आहे. मालकाच्या नोंदीच्या आधारावर ते निघतं आणि कामगार कल्याण संघटनेच्या दवाखान्यामार्फत त्याची कामं होतात.

आईचं कार्ड होतं, पण हाताने लिहिलेलं, घडीवर फाटलेलं, आणि नावापुढे ‘बाई’ लावलेलं. आधार कार्डावर ‘बाई’ नाही. पीएफच्या नोंदीत तर माहेरचं आडनाव, कारण काम सुरू केलं तेव्हा ज्याने नाव लिहून घेतलं त्याने तसंच लिहिलं आणि आईने कधी वाचलं नाही. एकाच बाईची तीन नावं. सिन्नरमधल्या अर्ध्या बायांची हीच गत आहे आणि अर्ज अडकण्याचं पहिलं कारण हेच.

या ठिकाणी मी ठरवलं की आधारला हात लावायचा नाही. आधार बदललं की बँक, रेशन, गॅस सगळंच हलतं. शिवाय बहिणीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचं पहिलं नाव छापलेलं असतं, ते आधारशी जुळत होतं. म्हणून आधार हा खुंटा धरला आणि कार्ड त्याच्याशी जुळवून घेतलं. त्यासाठी तिन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, आधारची प्रत, रेशन कार्ड, आणि कारखान्यातून सध्या कामावर असल्याचं पत्र लागलं. निदान सहा महिने काम केल्याचं दिसायला हवं, अशी योजनेची अटच आहे. रेशन कार्ड विसरू नका. आई आणि मुलगी एका घरातल्या आहेत हे एका कागदावर दाखवणारा दुसरा सोपा पुरावा आमच्याकडे नव्हता.

कारखान्याच्या पत्रासाठी सर्वांत जास्त वेळ गेला. मुनीम सही द्यायला तयार होते, पण शिक्का वरच्या माणसाकडे, आणि वरचा माणूस कधी असेल ते कुणालाच माहीत नाही. आई म्हणायची, “अगं, मागे लागू नको, उद्या पान कमी देतील.” ही भीती मला खोटी वाटत नाही. घरखेप करणाऱ्या, म्हणजे पान-तंबाखू घरी नेऊन वळणाऱ्या बाईला किती पान द्यायचं हे रोज कुणीतरी ठरवतं आणि तिला त्याच्याशी बिघडवून चालत नाही. शेवटी गल्लीतल्या पाच जणींची नावं घालून एकत्र अर्ज दिला. एकटीचा अर्ज टेबलावर पडून राहतो, पाच जणींचा निघतो. ज्यांची नावं कारखान्याच्या वहीत होती त्यांची पत्रं एकदमच मिळाली.

उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून. विडी कामगारांच्या घरासाठी मर्यादा महिन्याला १०,००० रुपयांची आहे, म्हणजे वर्षाचे १,२०,०००. माझं लग्न झालेलं असल्यामुळे माझा पगार आईच्या कुटुंबात धरला जात नाही. सेतूत बसलेल्या मुलाला हे दोनदा सांगावं लागलं. वडिलांच्या मृत्यूचा दाखला सोबत ठेवला होता, तो उपयोगी पडला.

मग राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल. हे काम मोबाइलवर होतं. आधी वन टाइम रजिस्ट्रेशन करायचं, त्यात आधारच्या ॲपने चेहरा तपासला जातो. बहिणीचा चेहरा जुळेना, मग खिडकीसमोर उजेडात उभी राहिली तेव्हा जमलं. योजनांच्या यादीत विडी, सिने आणि खाण कामगारांच्या मुलांची योजना एकत्र दिलेली आहे. दहावीपर्यंतची वेगळी, त्यापुढची वेगळी, आपली नीट बघून निवडा. दहावीपुढच्या अर्जाची मुदत साधारण ऑक्टोबरअखेरपर्यंत असते, दहावीपर्यंतची त्याआधी संपते. आणि एक महत्त्वाचं: महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवर, दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल तर दोन्ही मिळत नाहीत. कुठली जास्त फायद्याची ते आधी बसून मांडा, मग भरा.

अर्ज पहिल्यांदा कॉलेज तपासतं. या योजनेचा अर्ज तिथे कधी आलेलाच नव्हता, त्यामुळे ऑफिसातल्या मॅडमना तो कुठल्या विभागात धरायचा कळेना. “विडी कामगार म्हणजे तुम्ही कोणत्या कॅटेगरीत?” असं त्यांनी बहिणीला विचारलं. ती ओशाळली. मैत्रिणी मागे उभ्या होत्या. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिच्याबरोबर गेले, आईचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि मंत्रालयाची योजना त्यांच्याच कॉम्प्युटरवर उघडून दाखवली. मॅडम चांगल्या होत्या, त्यांनी बसून समजून घेतलं. मला राग आला तो बहिणीला खाली बघावं लागलं याचा. माझ्या आईने वळलेल्या विडीवर सरकारने वर्षानुवर्षं कर घेतला आहे. त्यातला थोडा तिच्या मुलीने मागितला तर त्यात मान खाली घालण्यासारखं काय आहे?

तो कर नेमका काय होता ते मला युनियनच्या एका काकांनी सांगितलं. कल्याण निधीसाठी हजार विड्यांमागे उपकर घेतला जायचा. शेवटी शेवटी तो हजारी ५ रुपये होता. कारखानदार भरायचा, आणि तो पैसा कामगारांच्याच योजनांसाठी राखलेला असायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हा उपकर गेला. योजना चालू राहिल्या, पण आता त्यांना पैसा केंद्राच्या अर्थसंकल्पातून, म्हणजे दरवर्षी जेवढा ठरेल तेवढा. विडीवर जीएसटी २८ टक्के लागला, पण सिगारेटवर जीएसटीशिवाय जो जादा भरपाई उपकर होता तो विडीवर नव्हता. ३ सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी परिषदेत बाकी तंबाखूला ४० टक्के आणि विडीला १८ टक्के असं ठरलं. टेंभुर्णीच्या पानावरचा कर तर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. विडीचा नवा दर १ फेब्रुवारी २०२६ पासून आहे.

विडीवर कर कमी ठेवण्याचं कारण दर वेळी एकच दिलं जातं: गरीब बायांचा रोजगार. देशात नोंदलेले विडी कामगार ५० लाखांच्या आसपास आहेत आणि त्यात बहुतेक बायाच आहेत, हे खरं आहे. पण आईला मी विचारलं, पान स्वस्त झालं, विडीचा कर उतरला, तुझी मजुरी वाढली का? नाही. मग तो कमी झालेला कर कुणाच्या पदरात पडला? २८ टक्के जीएसटी असताना किमतीत कराचा वाटा विडीत सुमारे २२ टक्के सांगायचे, सिगारेटमध्ये निम्म्याच्या वर, आणि जागतिक आरोग्य संघटना ७५ टक्के असावा म्हणते. कट्ट्यावर ८५ टक्के जागेत कॅन्सरचं चित्र छापायला लावणारं सरकार तोच कट्टा स्वस्त ठेवतं. आणि तो विकत घेतात माझ्या वडिलांसारखी माणसं: हमाल, गवंडी, शेतमजूर. विडी स्वस्त राहिल्याने आमच्या घराचं भलं झालं नाही. आईची पाठ गेली आणि वडिलांचा दम गेला.

माझं म्हणणं असं आहे की विडीवर सिगारेटसारखा कर लावा आणि त्यातला ठरलेला हिस्सा पुन्हा या बायांच्या नावे राखून ठेवा, जसा आधी होता. त्यातून मुलांची फी जाऊ दे, बायांना दुसरं काम शिकवा, चाळिशी-पन्नाशीच्या ज्या आता दुसरं काही शिकू शकत नाहीत त्यांना पेन्शन द्या. आईला हे पटतं का? अर्धं. “विडी बंद झाली तर उद्या खायचं काय,” हा तिचा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर न देता कर वाढवा म्हणणं मलाही मान्य नाही. म्हणून तर राखीव हिस्सा हवा.

असो, अर्जाकडे येते. कॉलेजने पुढे पाठवलेला अर्ज एकदा परत आला, कार्डाची प्रत वाचता येत नाही म्हणून. पोर्टलवर फाइल लहान करूनच चढवावी लागते आणि जुन्या कार्डाची अक्षरं त्यात पुसट होतात. मोबाइलने फोटो काढण्यापेक्षा झेरॉक्सवाल्याकडून चांगला स्कॅन करून घ्या, कार्डाच्या दोन्ही बाजू. अर्ज परत आला की त्याचा मेसेज येईलच असं नाही, पोर्टलवर जाऊन स्थिती पाहत राहावं लागतं. दुरुस्तीला मुदत असते, ती चुकली तर वर्ष गेलं. पुढची तपासणी नागपूरच्या कल्याण आयुक्तांच्या पातळीवर होते, महाराष्ट्राचं काम तिथूनच चालतं.

पैसे आले तेव्हा बहिणीच्या पासबुकात काहीच नव्हतं. डीबीटीची, म्हणजे सरकारकडून थेट बँकेत येणारी रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नसतं, आधारला जे खातं जोडलेलं असतं त्यात ती जाते. तिचं अकरावीत उघडलेलं सिन्नरचं एक खातं आधारला जोडलेलं होतं, रक्कम तिथे सुखरूप होती. आधारला कुठली बँक जोडली आहे ते अर्जाआधीच बघून ठेवा. त्या पैशातून परीक्षा फी गेली आणि प्रॅक्टिकलची पुस्तकं आली.

दरवर्षी अर्ज करावा लागतो, म्हणून आता एक फाइल केली आहे: कार्डाचा चांगला स्कॅन, प्रतिज्ञापत्र, रेशन कार्ड, मृत्यूचा दाखला. उत्पन्नाचा दाखला आणि कारखान्याचं पत्र तेवढं ताजं घ्यायचं. आईच्या पीएफमधलं आडनाव अजून दुरुस्त व्हायचं आहे. पेन्शनच्या वेळी ते नडणार, म्हणून ते काम आता हातात घेतलं आहे.

त्या पाच जणींपैकी चौघींच्या मुलांचे अर्ज भरून झाले. पाचव्या बाईचं अडलं आहे. ती वीस वर्षांपासून वळते, पण जावेच्या नावावर पान उचलते, त्यामुळे कुठल्याच वहीत तिचं नाव नाही आणि कार्डही नाही. अशा बाया सिन्नरला पुष्कळ आहेत. जावेचा लेखी जबाब, शेजारणींच्या सह्या आणि युनियनचं पत्र जोडून तिच्या नावाने स्वतंत्र नोंद करावी असा अर्ज आम्ही कारखान्याला दिला आहे, आणि त्याची पोच घेऊन एक प्रत कामगार खात्याकडेही दिली आहे. तिचा मुलगा यंदा नववीत आहे. पुढच्या मुदतीच्या आत कार्ड निघालं तर त्याचे २,००० रुपये मिळतील. कुणी अशी नोंद करून घेतली असेल तर कोणते कागद चालले ते मला जरूर सांगा.