तो प्लग मीच ठेवला होता

डिसेंबरातला फोन, पहाटे पावणेसहाचा. महाबळेश्वरच्या एका हॉटेलचे शेठ. "मामा, पाणी पुन्हा गार. गिऱ्हाईक टॉवेल गुंडाळून काउंटरवर आलंय."

हॉटेल ओळखीचं. चार वर्षांपूर्वी तिथली गॅसची लाईन मीच ओढली होती. तेव्हा गरम पाण्याचा एकच हीटर होता, मिनिटाला सोळा लिटरचा. आता तीन झालेत हे फोनवर कळलं. हीटरवाल्या कंपनीचा माणूस दोनदा येऊन सेन्सर बदलून गेला होता. दुपारी तिन्ही हीटर झकास चालायचे, सकाळी सहा ते आठ मात्र एकेक करून विझायचे. दुपारी नीट आणि सकाळी बंद म्हटल्यावर हीटर उघडण्यात अर्थ नव्हता. पण दुपारी जाऊनही काही दिसलं नसतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पावणेचारला वाई सोडली, हेल्परला शेजारी झोपू दिलं आणि पसरणीचा घाट चढून पाचला हॉटेलच्या मागच्या दारात उभा राहिलो.

हीटरच्या खोलीचं दार आतून बंद. ठोकल्यावर एक सतरा-अठरा वर्षांचं पोरगं डोळे चोळत बाहेर आलं. हाऊसकीपिंगचं. खाली गादी, वर तीन हीटर. दाराच्या झडपांवर थर्माकोल ठोकलेलं, वरच्या खिडकीला प्लास्टिक. मधल्या हीटरच्या माथ्यावर काजळी. बोट फिरवलं तर काळंकुट्ट.

"इथं झोपतोस?"

"ऊब लागते मामा. बाहेर लई गारठा."

"सकाळी डोकं दुखतं का?"

"रोजच. चहा घेतला की बरं वाटतं."

चहानं बरं वाटत नव्हतं. चहाला म्हणून तो बाहेर पडायचा, तेव्हा त्याला हवा मिळायची. गॅस गळला तर वास येतो, कारण वास मुद्दाम मिसळलेला असतो. पण कोंडलेल्या खोलीत ज्योतीला हवा पुरली नाही की जो कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग. आदल्या रात्री हीटर फार वेळ चालले नसतील, एवढंच त्याचं नशीब. हेल्परला सांगितलं, आधी ह्याला डॉक्टरकडे घेऊन जा. मी थर्माकोल उचकटलं, प्लास्टिक फाडलं, दार सताड उघडं टाकलं. शेठ स्वेटर घालत आले आणि आधी थर्माकोलकडे बघत म्हणाले, "अहो, वाऱ्यानं ज्योत विझते म्हणून पोरांनीच लावलं ते." म्हणजे ज्योत विझायची म्हणून खोली बंद केली आणि खोली बंद केली म्हणून काजळी धरली. मूळ दुखणं वेगळंच होतं.

ते शोधायला माझ्याकडे भारी यंत्र नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी, इंग्रजी यू सारखी फळीवर बसवलेली, आत पाणी आणि शाईचे दोन थेंब. एक टोक हीटरच्या गॅस निपलला, दुसरं उघडं. दोन्ही बाजूंच्या पाण्यात जेवढा फरक, तेवढा दाब. घरगुती असो की असा, एलपीजीच्या हीटरला पाण्याचा साधारण ३०० मिलिमीटर दाब लागतो.

काजळीवाला मधला हीटर साफ करून सहाला सुरुवात केली. एक हीटर चालू: २८५. दुसरा चालू केला: २५०. तिसरा पेटला आणि शाईचं पाणी डोळ्यांदेखत घसरलं, २००. शेठना वाटलं नळी गळतेय. मी म्हटलं, नळी नाही, पाईप. खोलीपर्यंतचा पाईप अर्धा इंची होता, साठ फूट लांब, सात बेंड. एका हीटरला पुरेसा. पण तिप्पट गॅस त्याच पाईपातून ओढला की दाबाची तूट तिप्पट होत नाही, सात-आठ पट होते. हे शेठना चिंचोळ्या घाटातल्या गाड्यांवरून सांगितलं, तेव्हा पटलं.

आता कबुलीचं. तेव्हा मी पाऊण इंची टाकू म्हणालो होतो. शेठ म्हणाले, एकच तर हीटर, कशाला. मी फार ताणलं नाही. उलट शहाणपणा म्हणून पाईपाच्या शेवटी एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवून तिचं मोकळं तोंड प्लगनं, म्हणजे आट्यांच्या बुचानं, बंद केलं, 'पुढेमागे लागलं तर'. पुढच्या फिटरनं प्लग बघितला आणि त्याला वाटलं, सोय केलेलीच आहे. त्यानं तो काढून दुसरा हीटर जोडला, आणखी एक टी घालून तिसरा. त्याला कशाला दोष देऊ? पाईप किती जणांचा आहे हे पाईपावर कुठे लिहिलेलं होतं?

पण गोष्ट २०० वर थांबली नाही. साडेसहाला १६०, सातला १२०. ज्योत पिवळी होऊन बर्नरवर लोळायला लागली आणि सेन्सरनं तिसरा हीटर बंद केला. मागे सिलिंडरपाशी गेलो. एकोणीस किलोचे चार, अंगावर पांढरं दहिवर, गॅसच्या पातळीइतकं नेमकं. आतला द्रव गॅस उकळून वाफ होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता सिलिंडरच्या पत्र्यातून, बाहेरच्या हवेतून घेतो. महाबळेश्वरच्या पहाटे ती हवा तरी कुठून देणार? अशा गारठ्यात एका सिलिंडरमधून सलग ओढला तर ताशी अर्धा-पाऊण किलो निघाला तरी खूप. एक हीटर ताशी अडीच किलो खातो, म्हणजे तिघांना साडेसात. चार सिलिंडरांकडून जास्तीत जास्त तीन.

एवढ्यात किचनमधला एक जण बादली घेऊन आला आणि सिलिंडरांवर गरम पाणी ओतायला लागला. रोजचंच काम म्हणे. हीटर चालावा म्हणून हीटरचंच पाणी! हसावं की बादली हिसकावी कळेना. हिसकावलीच.

सिलिंडर वाढवा, इतकं सोपं नव्हतं. चार लावलेले, एक राखीव, मिळून ९५ किलो. शंभरच्या वर साठा गेला की परवाना लागतो. ते कागद आणि विजेवर गॅसची वाफ करणारा व्हेपोरायझर, दोन्ही व्हायला पुढे दीड महिना गेला. तोवर तिसऱ्या हीटरचा कॉक बंद करून त्याचं हँडलच काढून घेतलं. शेठ कुरकुरले. मी पोराच्या गादीकडे बोट दाखवलं, मग गप्प.

त्या सकाळी मागच्या अंगणात तांब्याचे दोन जुने बंब निघाले, लाकडं पेटली. मुंबईच्या मुलांनी बंबासोबत फोटो काढून घेतले आणि तक्रारी निम्म्या झाल्या.

पाईप मात्र लगेच धरला. सी क्लासचा, म्हणजे जाड पत्र्याचा, सव्वा इंची, साठ फूट. दिवसभर व्हाइसवर आटे पाडले, हात भरून आले. दुसऱ्या दिवशी हीटर जोडण्याआधी हवा भरून लाईन तासभर ठेवली, गेजचा काटा हलला नाही, मग एकेका जॉइंटला साबणाचा फेस. एका युनियनला, म्हणजे उघडता येणाऱ्या जोडाला, राईएवढा बुडबुडा आला. उघडलं, पुन्हा बसवलं. दाराला वर-खाली जाळीच्या झडपा, धुराड्याचा पाईप छपराबाहेर.

व्हेपोरायझर बसला त्या पहाटे तिन्ही हीटर चालू असताना शाईचं पाणी २९० वर उभं होतं. ते सातपर्यंत तसंच राहिलं. शेठ म्हणाले, "मामा, एक टी ठेवा की, पुढे चौथा लागला तर."

ठेवली. पण प्लगच्या शेजारी पाईपावर पिवळ्या रंगानं ठळक लिहिलं: हीटर चार, त्यापुढे नाही. खाली माझा मोबाईल नंबर.

पोरगं दोन दिवसांत बरं होऊन कामाला लागलं होतं. आता कपड्यांच्या खोलीत झोपतं. निघताना गाडीपाशी आलं. म्हणालं, "मामा, तिथं थंडी वाजते हो." मी शेठकडे बघितलं. शेठनी आत हाक मारून दोन रजया काढायला सांगितल्या.