ज्वारीच्या गोळ्यासोबत एगुसी

नागपूरला वसतिगृहात राहत असताना नायजेरियातून शिकायला आलेल्या एका इग्बो मैत्रिणीने मला पहिल्यांदा एगुसीचे सूप खाऊ घातले होते, आणि लग्नानंतर यवतमाळ जिल्ह्यातील या गावी येऊन बरीच वर्षे लोटल्यावर ते स्वतःच्या चुलीवर करून पाहण्याचे मी मनावर घेतले. सूप म्हटले की आपल्यासमोर हॉटेलातली वाटीभर पातळ कढण येते. तिकडे मात्र पिठाच्या किंवा कंदाच्या घट्ट गोळ्यासोबत खायच्या दाट कालवणाला सूप म्हणतात. टोमॅटो, लाल ढोबळी मिरची, कांदा आणि अतितिखट मिरची वाटून भरपूर तेलात आटवलेला, बहुधा भातावर घ्यायचा रस्सा म्हणजे स्ट्यू.

एगुसी हे टरबुजाच्या कुळातील फळ असून त्याच्या गरासाठी नव्हे, तर बियांसाठी ते लावतात. आपल्या किराणा दुकानात मिठाईसाठी विकला जाणारा टरबूज-खरबुजाचा मगज त्याला इतका जवळचा आहे की त्याची पर्यायी वस्तू शोधावी लागली, असे म्हणणेही जड जाते. पाव किलो मगज कांद्यासोबत पाट्यावर जाडसर वाटला आणि गरम तेलात सोडला, इथवर सारे ठीक होते. पण हात सवयीने चालू लागला, मी ते वाटण सतत घोटत राहिले आणि त्याचे चक्क पिठले झाले. पिठल्यात गाठी राहू नयेत म्हणून आपण जिवाचे रान करतो. एगुसीत त्या गाठीच हव्या असतात. घट्टसर वाटण चमच्याचमच्याने सोडून, झाकण ठेवून, काही मिनिटे त्याला अजिबात न छेडता आळू द्यायचे, मग मटणाचे पाणी, वाटलेली मिरची आणि सुक्या कोळंबीची पूड घालून वीस मिनिटे मंद आचेवर ठेवायचे. वर तेलाची तर्री आली की सूप शिजले, ही खूण मात्र आम्हा वैदर्भीयांना शिकवावी लागत नाही. तिकडे शेवटी उगू या भोपळावर्गीय वेलाची किंवा चोळून कडवटपणा धुऊन काढलेली बिटरलीफची पाने घालतात. मी कोहळ्याच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, वेलाची कोवळी पाने घालते. कोळंबीच्या जागी आठवडी बाजारातील सुकट भाजून कुटते.

फोडणी नाही, हळद नाही, काळा मसाला नाही. सुगंधाचे सारे काम सुकी मासळी आणि इरू करते. इरू म्हणजे एका आफ्रिकी झाडाच्या शेंगांतील बिया उकडून आंबवलेला, अत्यंत उग्र वासाचा पदार्थ. त्याच्याऐवजी हिंग घालावा, असा सल्ला मला एकीने दिला होता. तो मी एकदा पाळला आणि सूपाची आमटी झाली. नसेल तर नसू द्यावे.

भेंडीच्या सूपाने घरात खरा वाद झाला. सासूबाई भेंडी धुऊन, फडक्याने कोरडी पुसून, तार सुटू नये म्हणून परतून घेतात, आणि मी मात्र ती किसून, तार अधिक सुटावी म्हणून झाकण न ठेवता पाच-सात मिनिटेच शिजवत होते. तो बुळबुळीतपणा हाच तिथे सूपाचा गुण आहे, कारण गोळ्याचा घास न चावता गिळायचा असतो आणि तो त्यामुळे अलगद उतरतो. योरुबा लोक तर तागाच्या कोवळ्या पानांचे एवेडू नावाचे सूप याच गुणासाठी करतात.

नायजेरियाच्या उत्तरेकडील हौसा लोकांचे जेवण आमच्या शेताच्या अधिकच जवळचे निघाले. ज्वारीचे पीठ उकळत्या पाण्यात वैरून ते तुवो नावाचा गोळा करतात, आणि मियान तौशे या त्यांच्या सूपात लाल भोपळा, म्हणजे आमचे कोहळे, कुटलेले शेंगदाणे आणि अंबाडीची पाने पडतात. ज्वारीचा मूळ देशही आफ्रिकाच. पूर्व सुदानात तिचे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. हे सूप घरात विनातक्रार संपले. सासूबाईंनी फक्त एवढेच विचारले की लसणाची फोडणी द्यायची मी विसरले का.

अडले ते एकाच गोष्टीपाशी, आणि ती म्हणजे तांबडे पामतेल. आपल्याकडच्या पिशवीतील पामतेल शुद्ध करताना त्याचा रंग आणि गंध दोन्ही काढून टाकलेले असतात, त्यामुळे त्यात केलेले एगुसी खाण्याजोगे होते, पण फिके दिसते आणि फिकेच लागते. गेल्या वर्षी मैत्रिणीने कुणाच्या तरी हाती अस्सल तेलाची एक बाटली पाठवली. मे महिन्यात ते आमच्या उन्हाळ्याने पाण्यासारखे पातळ होते. पौषात डालड्यासारखे थिजते, आणि सूप करायच्या दिवशी सकाळीच बाटली अंगणात, वाळत घातलेल्या तुरीशेजारी, उन्हात ठेवावी लागते.